डेअरीचा डबा बंद होईना: सिरीयलवरच्या ब्लूटूथ ड्रायव्हरच्या नोंदी

आधी सेटअप सांगतो. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका दूध डेअरीत संकलनासाठी लिनक्स बोर्डाचा डबा बसवलाय. वजनकाटा आणि फॅट मशीन आरएस२३२ वर (जुन्या पद्धतीची सिरीयल जोडणी), यूएसबी कन्व्हर्टर लावून, आणि पावतीचा थर्मल प्रिंटर ब्लूटूथवर. बोर्डावर वायफाय-ब्लूटूथची एकच चिप आहे, वायफाय एसडीआयओ नावाच्या वेगळ्या लाइनवरून चालतं आणि ब्लूटूथ यूआर्टवरून, म्हणजे टीएक्स (पाठवायची), आरएक्स (ऐकायची), आरटीएस आणि सीटीएस (थांब-पाठव सांगायच्या) अशा चार तारांची साधी सिरीयल लाइन. कर्नल (लिनक्सचा गाभा) बोर्डवाल्या कंपनीने दिलेला ५.१०, ब्लूटूथचा ड्रायव्हरपण त्यांचाच.

लाईटचं इकडे पावसाळ्यात काय असतं ते सांगायला नको. म्हणून डब्यात दोन लिथियम सेलचा छोटा यूपीएस आहे. लाईट गेली की एका जीपीआयओवर, म्हणजे सॉफ्टवेअरला वाचता-हलवता येणाऱ्या पिनवर, सिग्नल येतो, पाच मिनिटं थांबून स्क्रिप्ट पॉवरऑफ देते, आणि कर्नल सगळ्यात शेवटी दुसऱ्या पिनवरून यूपीएसला सांगतो की आता माझी लाइन तोड. लाईट आली की यूपीएस बोर्डाला परत पॉवर देतो. तो शेवटचा सिग्नल गेलाच नाही तर बोर्ड अर्धवट अवस्थेत तसाच पॉवरवर राहतो, आणि लाईट आली तरी उठत नाही कारण यूपीएसच्या मते तो चालूच आहे.

१४ जून २०२५

सकाळी सहाला मामांचा फोन. मामा म्हणजे डेअरीचे सेक्रेटरी. "अरे तुझा डबा काय बोलंना झालाय की रे, लाईट येऊन तास झाला, हिरवा दिवा लागलाय, लोकं कॅन घेऊन उभी हाईत." प्लग काढा, डब्यातला यूपीएसचा स्विच बंद करा, दहापर्यंत मोजा आणि परत लावा असं सांगितलं, चालू झाला. तोवर अर्ध्या लोकांचं दूध वहीत लिहून झालं होतं. हे पहिल्यांदाच झालेलं नाही, पण आधी वाटायचं कुणीतरी वायर हलवली असेल.

१५ जून

संशय यूपीएसवर, कारण स्वस्तातला आहे. सेल बदलले, ७०० रुपये गेले. फरक काही नाही. मग मल्टिमीटर घेऊन ती "तोड" वाली पिन बघत बसलो, पॉवरऑफ दिल्यावर कधी पिन हलते, कधी हलतच नाही. म्हणजे यूपीएस बिचारा वाट बघत असतो आणि कर्नल शेवटपर्यंत पोचतच नाही. हे मीटर लावणं सेल घ्यायच्या आधी करायला पाहिजे होतं. तुम्ही करत असाल तर पिन आधी मोजा.

१८ जून

शटडाऊनमध्ये काय अडकतं हे जर्नलमध्ये (सिस्टीमच्या लॉगमध्ये) सापडत नाही, कारण जर्नल लिहिणारी सर्व्हिस त्याच्या आधीच बंद झालेली असते. एचडीएमआयवर बघावं तर स्क्रीन काळी. उपाय जुनाच, बोर्डाच्या डीबग सिरीयलला यूएसबी-टीटीएल केबल (बेळगावात १८० रुपये) आणि लॅपटॉपवर टर्मिनल उघडं ठेवायचं. कर्नलच्या कमांडलाइनमध्ये दोन शब्द वाढवले, इग्नोर_लॉगलेव्हल आणि इनिटकॉल_डीबग. दुसऱ्याचं नाव बघून तो फक्त बूटसाठी आहे असं वाटतं, पण तो लावला की बंद होतानापण कर्नल एकेका डिव्हाइसचं नाव घेऊन "शटडाऊन" अशी ओळ छापतो. कुठल्या डिव्हाइसवर अडकलं हे कळायला यापेक्षा सोपं काही मला माहीत नाही.

टेबलावर मात्र एकदापण अडकेना. रीबूट, पॉवरऑफ, सगळं ठीक. वेळ वाचवायला मी फोर्स दोनदा लावून रीबूट करत होतो, म्हणजे सर्व्हिसेस बंद न करता थेट कर्नलला सांगायचं. गोम तिथेच होती. संध्याकाळी वैतागून साधा पॉवरऑफ दिला, प्रिंटर जोडलेला असताना, पावती काढल्यावर, आणि लगेच ऊप्स, म्हणजे कर्नल स्वतःच आत कुठेतरी चुकल्याचा संदेश.

ट्रेस, म्हणजे कुणी कुणाला बोलावलं त्याची यादी, खालून वर वाचला तर असा: कर्नलचं पॉवरऑफ, त्याने बोलावलं डिव्हाइस_शटडाऊनला, त्याने ब्लूटूथ ड्रायव्हरच्या शटडाऊन फंक्शनला, त्याने सर्डेव्हच्या (सिरीयलवरच्या डिव्हाइसेससाठीचा कर्नलचा थर) राइट_फ्लशला, त्याने टीटीवायच्या (त्याखालचा, सिरीयल पोर्ट सांभाळणारा थर) फ्लश_बफरला, आणि तिथे भलत्याच पत्त्यावर हात घातला. पॉवरऑफचा कॉल करणारी प्रोसेस असते पीआयडी १, म्हणजे सगळ्यात पहिली प्रोसेस, इनिट. ती ऊप्समध्ये मेली की कर्नल "अटेम्प्टेड टू किल इनिट" म्हणून पॅनिक करतो, आणि पॅनिकचा टाइमआउट डीफॉल्ट शून्य, म्हणजे कायम तिथेच उभा. हिरवा दिवा चालू राहण्याचं कारण हे.

१९ जून

हा ट्रेस का येतो ते समजून घेण्यात दिवस गेला.

ड्रायव्हरला बंद होताना दोन वेगवेगळे निरोप येऊ शकतात. मॉड्यूल (ड्रायव्हरची फाइल) काढलं किंवा अनबाइंड केलं, म्हणजे ड्रायव्हर डिव्हाइसपासून सोडवला, तर रिमूव्ह येतो. मशीन बंद किंवा रीबूट होत असेल तर रिमूव्ह येतच नाही, फक्त शटडाऊन येतो. त्यामुळे आरएममॉड (मॉड्यूल काढायची कमांड) करून टेस्ट केलं आणि पास झालं याचा पॉवरऑफशी संबंध नाही. आमच्या ड्रायव्हरचं शटडाऊन फंक्शन चिपला सिरीयलवरून एक रीसेट कमांड पाठवतं. हेतू चांगला आहे, पुढच्या बूटला चिप स्वच्छ मिळावी.

पण क्रम बघा. साध्या पॉवरऑफमध्ये सिस्टीमडी (सर्व्हिसेस चालू-बंद करणारा) आधी ब्लूटूथडीला (ब्लूटूथ सांभाळणारी सर्व्हिस) थांबवतो. ब्लूटूथडी जाता जाता अडॅप्टर, म्हणजे चिपचं ब्लूटूथ, ऑफ करतो. अडॅप्टर ऑफ झाला की हा ड्रायव्हर सिरीयल पोर्ट बंद करतो आणि टीटीवायची मेमरी सुटते. मग सगळं यूजरस्पेस (कर्नलबाहेरचे प्रोग्राम) संपतं, कर्नल डिव्हाइसेसच्या यादीवरून उलट्या क्रमाने फिरतो, आमच्या ड्रायव्हरला शटडाऊन म्हणतो, आणि ड्रायव्हर त्या बंद झालेल्या पोर्टवर लिहायला जातो. पाहुणे उठून गेल्यावर रिकाम्या पाटापुढे वाढत बसण्यातला प्रकार. सुटलेल्या मेमरीत जुनाच मजकूर शिल्लक असेल तर काही होत नाही, तिथे दुसरं कुणी येऊन बसलं असेल तर ऊप्स. म्हणून कधी होतं, कधी नाही. आणि दोनदा फोर्स लावलेल्या रीबूटमध्ये ब्लूटूथडीला कुणी थांबवतच नाही, पोर्ट उघडाच राहतो, म्हणून टेबलावर सगळं छान दिसत होतं.

२० जून

खरी दुरुस्ती होईपर्यंत डेअरी चालली पाहिजे म्हणून मलमपट्टी.

पहिली: पॅनिक झाल्यावर १० सेकंदांनी आपोआप रीबूट हो अशी सेटिंग. लाईट गेली, पाच मिनिटांनी पॉवरऑफ, पॅनिक, १० सेकंद, रीबूट, बूट झाल्यावर लाईट अजून नाहीच, परत पाच मिनिटं, परत पॉवरऑफ, परत पॅनिक. सेल संपेपर्यंत हा खेळ आणि शेवटी एसडी कार्डाखालून करंट जातो तो जातोच. ज्यासाठी यूपीएस लावला तेच टळलं नाही. काढून टाकली.

दुसरी: छोटी सर्व्हिस लिहिली, जी बंद होताना ब्लूटूथडी थांबल्यानंतर सिसएफएसमधून (कर्नलने डिव्हाइसेससाठी मांडलेल्या फाइली) ड्रायव्हर अनबाइंड करते. ड्रायव्हरच चिकटलेला नसेल तर त्याचं शटडाऊन कोण बोलावणार. ही चालली, तीच डेअरीत लावून आलो. बऱ्यापैकी चालली म्हणतो कारण एकदा अनबाइंडच अडकलं. तेव्हा त्याकडे दुर्लक्ष केलं, ते ९ जुलैला अंगावर आलं.

२१ जून

मुख्य कर्नलच्या इतिहासात शोधलं तर हाच ट्रेस, जवळजवळ ओळीला ओळ, दुसऱ्या एका चिपच्या ड्रायव्हरमध्ये सापडला. क्यूसीए६३९० नावाची चिप आहे, तीपण यूआर्टवर. गोष्ट अशी आहे: २०२० मध्ये तिथे शटडाऊनमध्ये रीसेट कमांड पाठवायचा पॅच आला, कारण वॉर्म रीबूटनंतर म्हणजे पॉवर न तोडता केलेल्या रीबूटनंतर ब्लूटूथ उठत नव्हतं. त्यातून बंद पोर्टवर लिहिण्याचा क्रॅश निघाला, त्याची दुरुस्ती २०२२ च्या अखेरीस लिहिली गेली आणि २०२३ मध्ये कर्नलात आली: डिव्हाइस चालू नसेल तर काही न पाठवता परत फिर. आणि त्या दुरुस्तीने काय केलं, तर ब्लूटूथ आधी ऑफ करून मग रीबूट केलं की कमांड जातच नाही आणि ब्लूटूथ परत उठत नाही. मग २०२४ मध्ये त्याची दुरुस्ती. म्हणजे चार वर्षं एकाच फंक्शनच्या पहिल्या चार ओळींवर. हे वाचल्यावर बोर्डवाल्यांवरचा राग जरा उतरला.

आमच्या ड्रायव्हरमध्ये २०२३ वालीच अट घातली. अडॅप्टर चालू नसेल तर रिटर्न. कर्नल लॅपटॉपवर क्रॉस कंपाइल केला, म्हणजे बोर्डाच्या प्रोसेसरसाठी बांधला, पहिल्यांदा सगळा बांधायला रात्र लागते, नंतर फक्त मॉड्यूल असेल तर चहा होईपर्यंत. पॉवरऑफ, साधा रीबूट, पावती काढता काढता पॉवरऑफ, सगळं करून बघितलं, ऊप्स नाही. अनबाइंडवाली सर्व्हिस काढली.

२४ जून

अपेक्षेप्रमाणे २०२४ वालं दुखणं आलं.

फॅट मशीनचा यूएसबी कन्व्हर्टर काही दिवसांनी गप्प होतो म्हणून काल रात्री अडीचला रीबूट व्हायचा क्रॉन (ठरलेल्या वेळी आपोआप चालणारं काम) लावला होता. सकाळी डबा चालू, वजन येतंय, फॅट येतंय, पावती नाही. लॉगमध्ये ब्लूटूथची रीसेट कमांड टाइमआउट, −११०. मामा म्हणाले, "आता डबा बोलतोय पण प्रिंटर बोलंना झालाय, आज याचं पाळी, उद्या त्याचं." प्लग काढून लावला की सगळं ठीक.

लॉजिक अनॅलायझर (तारांवरचे सिग्नल टिपणारं यंत्र) घेतला, आठ चॅनेलचा स्वस्तातला, ६५० रुपये. हा खर्च वाया गेला नाही. टीएक्सच्या तारेवर क्लिप लावून वॉर्म रीबूट केला तर स्पष्ट दिसलं: बोर्ड ०१ ०३ ०सी ०० हे चार बाइट पाठवतोय, ही एचसीआयची (ब्लूटूथ चिपशी बोलायची ठरलेली भाषा) रीसेट कमांड, ०१ म्हणजे पुढे कमांड आहे. निरोगी चिप यावर ०४ ने सुरू होणारं उत्तर देते. आरएक्सच्या तारेवर मात्र सरळ रेष. बोर्ड बोलतोय ११५२०० बॉडच्या वेगाने, कारण बूटला हा ड्रायव्हर तिथूनच सुरुवात करतो. पण चिपला कुणी रीसेट केलेलंच नाही, तिच्यात फर्मवेअर (चिपच्या आतला प्रोग्राम) कालचंच भरलेलं आहे आणि ती ऐकतेय ३०,००,००० बॉडवर, कारण फर्मवेअर भरल्यावर ड्रायव्हरनेच तिला तो वेग दिला होता. चालू असताना ब्लूटूथ ऑफ-ऑन केलं तर अडचण येत नाही कारण ड्रायव्हरला तो वेग लक्षात असतो. रीबूटला ड्रायव्हर सगळं विसरतो, चिप काहीच विसरत नाही.

शटडाऊनच्या वेळी पोर्ट परत उघडून, वेग लावून, कमांड पाठवून, परत बंद करून बघितलं. चालतं. पण मला ते पटेना. चिप आधीच अडकलेली असेल तर ती कमांड ऐकणार नाहीच, आणि मशीन बंद होतानाच्या त्या शेवटच्या सेकंदात सिरीयलवर संभाषण करत बसणं हेच मुळात चुकीचं वाटतं. चिपला इनेबल पिन असते, ती खाली ओढली की चिप मुकाट्याने रीसेट होते, तिला विचारावं लागत नाही.

स्कीमॅटिक, म्हणजे बोर्डाच्या सर्किटचा नकाशा, उघडलं. इनेबल पिन १० किलोओहमच्या रेझिस्टरने कायमची वर बांधलेली, कुठल्याच जीपीआयओला जोडलेली नाही. तार वाचवली.

२८ जून

पहिला विचार रेझिस्टर काढून पिन सरळ हेडरच्या (बोर्डावरची पिनांची पट्टी) जीपीआयओला जोडायचा. नशीब आधी मीटर लावला. इनेबल पिन १.८ व्होल्टची आणि आमच्या हेडरचे जीपीआयओ ३.३ चे. सरळ जोडली असती तर चिप गेली असती. तुमच्या बोर्डावर वेगळं असेल पण मोजल्याशिवाय तार लावू नका.

म्हणून रेझिस्टर आहे तिथेच ठेवला आणि पिन खाली ओढायला एक छोटा मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) लावला, २एन७००२, पाच रुपयांच्या आत येतो. गेटला जीपीआयओ, सोर्स ग्राउंडला, ड्रेन इनेबलला. जीपीआयओ वर केला की चिप बंद, खाली किंवा तरंगता असला की चिप चालू, त्यासाठी गेटला १०० किलोओहमचा पुलडाऊन, म्हणजे खाली धरून ठेवणारा रेझिस्टर. व्होल्टेजचा प्रश्नच येत नाही कारण आपण फक्त खाली ओढतोय, वर ओढायचं काम जुना रेझिस्टर करतो.

तो रेझिस्टर खसखशीच्या दाण्याएवढा. माझ्या सोल्डरिंग गनचं टोक त्याच्यापेक्षा जाड. बेळगावात खडेबाजारच्या बाजूला एक मोबाईल रिपेअरवाला आहे, त्याच्याकडे मायक्रोस्कोप. त्याला स्कीमॅटिक दाखवायला लागलो तर म्हणाला, ते राहू दे, कुठून कुठे जंपर मारायचा तेवढं सांगा. केसाएवढी इनॅमलची तार, तिचं टोक ब्लेडने दोनदा खरवडलं, फ्लक्सचा थेंब, रेझिस्टरच्या चिपकडच्या टोकाला एक सेकंद टेकवलं आणि झालं. मग त्यावर हिरवा यूव्ही मास्क लावून दिव्याखाली धरलं म्हणजे तार ओढली जाऊ नये. १५० रुपये घेतले, घाईत होता, मागे डिस्प्लेवाल्यांची रांग. हे काम घरी करायच्या फंदात पडू नका, पॅड उखडला की बोर्ड गेला.

डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावर काय कुठे जोडलंय हे कर्नलला सांगणारी फाइल) इनेबलचा जीपीआयओ लिहिला, मॉस्फेटमुळे उलटा म्हणून अॅक्टिव्ह लो. ड्रायव्हरमध्ये प्रोबच्या वेळी, म्हणजे ड्रायव्हर चिपला चिकटताना, पिन १०० मिलिसेकंद खाली, मग वर, मग १५० मिलिसेकंद थांबून पहिली कमांड. थांबायचा वेळ कमी करून बघितला, ३० च्या खाली गेलं की अधूनमधून पहिलं उत्तर चुकतं, म्हणून सढळ हाताने १५० ठेवला. शटडाऊन फंक्शनमधला सिरीयलवर लिहायचा सगळा कोड काढला, आता तिथे एकच काम, इनेबल खाली. पोर्ट उघडा असो की बंद, फरक पडत नाही.

वॉर्म रीबूटनंतर प्रिंटर आला.

३ जुलै

जांबोटीच्या बाजूला पाऊस लागून राहिलाय, लाईट दिवसातून कितीदा जाते मोजणं सोडून दिलं, म्हणजे टेस्टिंग फुकटात. डबा दरवेळी बंद होतोय आणि उठतोय, पण कधीकधी बंद व्हायला अर्धा मिनिट जास्त. घड्याळ लावलं तर बरोब्बर ३० सेकंद. असा गोल आकडा आला की समजायचं कुठेतरी टाइमआउट बसलाय.

सापडला. चिपची पॉवर घालवायची ती अडॅप्टर ऑफ होतानाच घालवू म्हणून इनेबल खाली करणं मी ड्रायव्हरच्या क्लोजमध्येपण (पोर्ट बंद करणारं फंक्शन) घातलं होतं, आणि तेही पोर्ट बंद करायच्या आधी. चिप झोपली की तिची आरटीएस म्हणजे आमची सीटीएस लाइन "थांब" अशा स्थितीत जाते. फ्लो कंट्रोल (त्या लाइनचा इशारा पाळणं) चालू आहे, बफरमध्ये एखादा बाइट उरलाय, तो कधीच जाणार नाही. आणि लिनक्सचा सिरीयल पोर्ट बंद होताना उरलेला डेटा जायची वाट बघतो, ती वाट डीफॉल्ट ३० सेकंद. बफर रिकामा असेल तर लगेच बंद, म्हणून कधीकधीच.

क्रम बदलला: आधी टीएक्स बफर फेकून द्यायचा, मग फ्लो कंट्रोल बंद, मग पोर्ट बंद, सगळ्यात शेवटी इनेबल खाली. चार ओळी वरखाली केल्या. यूपीएसचे सेल लहान असतील तर हे ३० सेकंद महाग पडतात.

९ जुलै

परत ऊप्स. या वेळी पॉवरऑफमध्ये नाही, त्याच्या आधी, अडॅप्टर ऑफ होताना. वाटलं माझाच पॅच चुकला. पण ट्रेसमध्ये शटडाऊन नाही, टायमर आहे. आणि २० जूनला अनबाइंड अडकलं होतं तेव्हाचा लॉग काढून बघितला तर त्यातपण टायमर.

पॉवर वाचवायला ड्रायव्हरने सिरीयल लाइन झोपवायची सोय केलेली आहे. शेवटचा बाइट गेल्यावर दोन सेकंदांनी टायमर वाजतो, टायमर वर्कक्यूमध्ये (कर्नलमधली कामांची रांग) काम टाकतो, ते काम चिपला झोपायचा बाइट पाठवतं आणि गरज पडली तर टायमर परत लावतं. बंद होताना ड्रायव्हर आधी टायमर काढतो आणि मग वर्कक्यू मोडतो. पण टायमर काढल्यावर वर्कक्यूतलं उरलेलं काम चालतं, ते टायमर परत लावतं, मग सगळी मेमरी सुटते आणि दोन सेकंदांनी टायमर वाजतो. उलट क्रम केला तरी तेच, वर्कक्यू आधी मोडली तर टायमर मोडलेल्या वर्कक्यूत काम टाकतो. दोघं एकमेकांना उठवतात.

हेपण नवं नाही. कर्नलचे डेव्हलपर थॉमस ग्लाइक्सनर यांनी कर्नलच्या ६.२ मध्ये टायमर_शटडाऊन_सिंक नावाचं फंक्शन आणलं ते नेमकं या चक्रासाठी, आणि ते वापरून दुरुस्त केलेला एक ड्रायव्हर म्हणजे तोच वर सांगितलेला क्यूसीएचा. ते फंक्शन टायमर थांबवतं आणि नंतर कुणी परत लावायला गेलं तर गुपचूप दुर्लक्ष करतं. ६.२ आला फेब्रुवारी २०२३ मध्ये. आमचा कर्नल ५.१०, त्यात हे नाही.

बॅकपोर्ट करायला, म्हणजे ते जुन्या कर्नलात आणायला बसलो, टायमरच्या कोअरमध्ये हात घालावा लागतो, डेअरीच्या डब्यासाठी ते करायचं नाही असं ठरवलं. त्याऐवजी ड्रायव्हरमध्ये "बंद होतोय" असा एक झेंडा ठेवला, जिथे जिथे टायमर लागतो तिथे आधीपासून एक लॉक आहे, त्याच लॉकमध्ये झेंडा तपासायचा. बंद होताना लॉक घेऊन झेंडा वर, मग टायमर काढ, मग काम रद्द कर. लॉकच्या बाहेर झेंडा तपासला तर तपासणं आणि लावणं यांच्या मधल्या फटीतून टायमर निसटतो, ते करू नका. आणि पुढच्या ओपनला झेंडा खाली करायला विसरलात तर चिप कधी झोपत नाही.

हा क्रॅश मुद्दाम घडवायला रीबूट करत बसायची गरज नाही. स्क्रिप्ट लिहिली: पावतीएवढा डेटा पाठव, १.८ ते २.२ सेकंदांत कधीतरी अडॅप्टर ऑफ कर, परत ऑन कर, असं चालू दे. पावती कन्नड आणि मराठी दोन्हीत असते, प्रिंटरमध्ये दोन्हीचा फॉन्ट नाही म्हणून चित्र करून पाठवतो, त्यामुळे डेटा भरपूर आणि लाइन बराच वेळ जागी. जुन्या मॉड्यूलवर स्क्रिप्ट थोड्याच वेळात पडते. नव्यावर रात्रभर चालली, सकाळी प्रिंटरपुढे कागदाचा ढीग, दोन रोल संपले. रिकामी पट्टी पाठवायला पाहिजे होती.

१९ जुलै

डेअरीतला बोर्ड बदलून जंपरवाला लावला. मामांना सांगितलं की आता लाईट गेली तर प्लगला हात लावू नका, आपोआप बंद होऊदे. त्यांनी लगेच मेन स्विच पाडून बघितला, माझ्या पुढ्यात, दूध मोजायचं चालू असताना. पाच मिनिटांनी दिवा गेला, स्विच वर केल्यावर आला, पावतीपण आली. "असंच ऱ्हाऊ दे," म्हणाले.

सगळे विचारतात म्हणून लिहितो, यूएसबीचा ब्लूटूथ डोंगल लावला असता तर यातलं काही झालं नसतं. ३०० रुपयांत मिळतो. दोन यूएसबी पोर्ट, दोन्हीत कन्व्हर्टर, तिसऱ्यासाठी हब लावला होता आधी, डेअरीतल्या ओलीत त्याचे कनेक्टर हिरवे झाले. तुमच्याकडे कोरडी जागा आणि मोकळा पोर्ट असेल तर डोंगल लावा आणि या नोंदी बंद करा.

२ ऑगस्ट

बोर्डवाल्यांना तिन्ही पॅच पाठवले होते. उत्तर आलं की हे मॉडेल बंद झालंय, नवीन घ्या. नवीनचं स्कीमॅटिक मागवून बघितलं, त्यात इनेबल पिन जीपीआयओला जोडलेली आहे, आणि कर्नल ६.६, म्हणजे टायमर_शटडाऊन_सिंक तयार मिळेल. पण त्यांच्या डिव्हाइस ट्रीत त्या जीपीआयओची नोंदच नाही, त्यामुळे ड्रायव्हरला पिन आहे हे माहीत नाही आणि तो जुन्यासारखाच सिरीयलवर कमांड पाठवत बसतो.

शेजारच्या गावच्या डेअरीला डबा पाहिजे आहे, तो या नव्या बोर्डावर करतोय. या वेळी पहिलं काम: वॉर्म रीबूट करताना इनेबल पिनवर अनॅलायझरची क्लिप लावायची, पिन खाली जाऊन वर येते का बघायचं, आणि मगच प्रिंटर जोडायचा. डिव्हाइस ट्रीची नोंद घातल्यावर काल पिन १०० मिलिसेकंद खाली गेलेली दिसली. यूपीएसचे सेल अजून यायचे आहेत.